सोबत, फक्त श्रीपूरपर्यंत

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी राजशेखर आले होते. आमच्या सोसायटीचे चिटणीस, आणि आता कुठल्याशा क्लबचेही चिटणीस. माणसाला हे पद एकदा चिकटलं की सुटत नाही. हातात पेढ्यांचा पुडा होता, तेव्हाच काम अवघड असणार हे ओळखलं.

युगांडाहून शाळकरी मुलांचं एक गाण्याचं पथक आपल्याकडे आलं आहे. पुण्याचे कार्यक्रम झाले. आता सोलापूर, श्रीपूर, बार्शी आणि मग पुढे हैदराबाद. बरोबर एक शिक्षक आणि एक शिक्षिका होत्या, पण शिक्षिकेला पुण्यात कावीळ झाली आणि ती तिथेच राहिली. मुलग्यांचं ते सर बघतील. आठ मुलींबरोबर मात्र कोणी बाई हवी. इंग्रजी बोलणारी, शिस्तीची, मोकळ्या वेळाची. "मॅडम, तुमच्याशिवाय दुसरं नावच सुचेना," म्हणाले. मी म्हटलं, सुचलं असतं तर तुम्ही इथे आला नसता.

मी हो म्हणणार नव्हते. पण हे लोक त्या मुलांशी काय इंग्रजी बोलतील हे डोळ्यांसमोर आलं. आयरिश सिस्टरांनी पट्टीच्या धाकात शिकवलेलं इंग्रजी मी पाटबंधारे खात्यात सबंध नोकरीभर वाया घालवलं. आठ दिवस तरी कामाला येऊ दे.

मग त्यांनी मुक्काम सांगितले. बार्शीला मुली एका घरी उतरणार. इंद्रायणीबाई म्हणून आहेत, घर ऐसपैस, मुलगी लग्न होऊन गेली, खोल्या रिकाम्या. त्यांनी आपण होऊन मुली मागून घेतल्या म्हणे. मी चहा संपवला आणि सांगितलं, मी येईन, पण फक्त श्रीपूरपर्यंत. बार्शीला तुमची दुसरी व्यवस्था बघा. ते म्हणाले, बार्शीच्या कॉलेजातल्या महेश्वरी मॅडम आहेत, त्या पुढचं बघतील.

इंद्रायणी माझी सख्खी धाकटी बहीण आहे हे त्यांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही. चिटणिसाला सगळंच कळायची गरज नसते.

संध्याकाळी

तो विषय इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहावा लागणार नाही.

आम्हा दोघींना भाऊ नाही. भाऊबीजेला इंदू मलाच ओवाळायची. तिच्या अंकिताला म्हणूनच मामा नाही, आणि ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ठरलेलं होतं की तिच्या लग्नात मामाच्या जागी मी. नवरीला अंतरपाटापाशी मी घेऊन जायचं, मागे मी उभं राहायचं. आणि त्या लग्नाचं आमंत्रण मला मोबाइलवर आलं. लुकलुकणाऱ्या समया, गणपती, खाली दोन फोन नंबर. तसलंच त्यांच्या गॅसवाल्यालाही गेलं असेल. कुंकू लावलेल्या अक्षता घेऊन दारात कोणी आलं नाही. इंदूने फोन केला की सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, तासातासाला कूस बदलावी लागते, घर सोडता येत नाही, तिचे यजमान वेणीमाधव एकटेच आचारी आणि मांडव बघतायत, "अक्का, तू तर घरचीच." घरच्या माणसाला अक्षता लागत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

मी गेले नाही. याला आता तिसरं वर्ष. सासूबाई लग्नानंतर पंधरवड्यात गेल्या, म्हणजे दुखणं खोटं नव्हतं हे मी मान्य करते. पण वेणीमाधवला दोन पाय आहेत, आणि बार्शीहून सोलापूरला एसटी आहे.

इंदू अजूनही भाऊबीजेला फोन करते. मी उचलत नाही. ती मात्र शेवटपर्यंत वाजू देते.

३ फेब्रुवारी, सोमवार

मुलं आली. होटगी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात उतरवलं आहे, लग्नाची तारीख नसल्यामुळे ते रिकामं होतं. वधूपक्षाच्या खोलीत आठ मुली आणि मी, वरपक्षाच्या खोलीत मुलगे आणि त्यांचे सेमाकुला सर. ढोल भोजनकक्षात.

मुलींची डोकी अगदी बारीक कातरलेली. स्वयंपाकाला मथुराबाई म्हणून आहेत, माढ्याकडच्या. त्या दारातच थबकल्या. "बाई, या समद्या पोरींची डोकी कशापायी भादरली? कोण गेलंय म्हनायचं?" मी म्हटलं, कोणी गेलेलं नाही, त्यांच्या शाळेचा नियम आहे. "काय मेला नेम," म्हणून त्या आत गेल्या. मलाही तो पटलेला नाही, पण मथुराबाईंशी सहमत व्हायचं म्हणजे दिवसभर ऐकून घ्यायचं.

खरा प्रकार पुढे झाला. मी खोलीत गेले आणि मुलींना माझं नाव सांगितलं. तर आठही जणी एकदम गुडघ्यांवर. फरशीवर, मान खाली, हात मांडीवर. आणि त्यांच्या भाषेत काहीतरी हळू आवाजात म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. गुडघ्यांवर बसणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. व्हरांड्यात मराठी बोललं की सिस्टर खडीवर गुडघे टेकायला लावायच्या, प्रार्थनेची घंटा होईपर्यंत. त्या दिवसापासून मी कुणापुढे वाकलेले नाही आणि कुणाला माझ्यापुढे वाकू दिलेलं नाही. ऑफिसात शिपाई पाया पडायला लागला तरी मी पाय खुर्चीखाली घ्यायची. मी कडक आवाजात सांगितलं, उठा, सगळ्या उठा, माझ्यासमोर हे पुन्हा चालणार नाही. सात जणी उठल्या. एक उठेना. सान्यू तिचं नाव, सगळ्यांत लहान, पुढचे दोन दात नाहीत. मी दुसऱ्यांदा सांगितलं. ती तशीच, माझ्याकडे खालून बघत. शेवटी दंडाला धरून उभी केली.

सेमाकुलांना जाऊन स्पष्ट सांगितलं की मुलींचा कणा असा लहानपणीच मोडायचा नसतो. उंच, शांत गृहस्थ आहेत. "मॅडम, त्या तुम्हाला नमस्कार करत होत्या," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, नमस्कार उभ्यानेही होतो.

त्यांनी मान डोलावली. मला हे एक आवडलं, वाद घातला नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जेवणाचा घोळ. आपल्याकडे ताट रिकामं झालं की वाढणारी वाढते. नको असेल तर पाहुण्याने ताटावर आडवा हात धरायचा. मथुराबाईंना एवढं एकच शास्त्र माहीत. त्या मुलांच्या घरी मात्र वाढलेलं टाकायचं नाही आणि मोठ्यांना नाही म्हणायचं नाही असा दंडक दिसतो. मग काय, मुली ताट संपवतायत, मथुराबाई "घे की बाय, लाजू नगंस" म्हणत भात टाकतायत, मुली पुन्हा संपवतायत. मी मुलग्यांच्या खोलीतून येईपर्यंत एक पोरगी भिंतीला टेकून घामाघूम.

मी आठही जणींना ताटावर हात कसा धरायचा ते शिकवलं. आता त्यांना त्याचा खेळ झाला आहे. पाणी वाढतानाही हात धरतात. शेंगदाण्याच्या चटणीवर मात्र कोणीच धरत नाही. तिकडेही शेंगदाणे कुटून खातात म्हणे, फक्त तिखट नाही. डोळ्यांतून पाणी, आणि तरी अजून हवी.

सान्यू माझ्याशी बोलत नाही. विचारलेल्याला उत्तर देते, पण डोळे वर करत नाही. सकाळी दात घासायच्या वेळी दोनदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली, काही म्हणेना, मग निघून गेली. हट्टी मुलांची मला सवय आहे. इंदूही तशीच होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

सोलापूरचा कार्यक्रम झाला. आधी चिटणिसांचं भाषण, मग अध्यक्षांचं, मग पाहुण्यांचं. प्रत्येक मुलाला सोलापुरी चादर आणि नारळ. सगळी पाऊण तास छातीशी नारळ धरून उभी होती, एकानेही चुळबूळ केली नाही. आपली असती तर नारळ सभागृहात घरंगळत गेले असते.

पण गातात मात्र. पहिलं गाणं सान्यू एकटीच सुरू करते. ढोल नाही, पेटी नाही, ते दात पडलेलं तोंड उघडते आणि असा सरळ सूर निघतो की पंख्याचा आवाज ऐकू यायचा बंद होतो. मागून सगळे तिला उत्तर देतात. तिची एक ओळ, त्यांची एक ओळ. मला गाण्यातलं कळत नाही, पण ते उत्तर येईपर्यंत ती ज्या पद्धतीने थांबते ते मी बघत राहिले.

कार्यक्रमाआधी एक गोष्ट घडली ती लिहायची का हा प्रश्न आहे. झग्याची मागची गाठ बांधून द्यायचं काम माझं. सात जणी आल्या. सान्यू स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले, तर ती मथुराबाईंपुढे गुडघ्यांवर बसलेली. मथुराबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला, तिच्या डोक्यावर ठेवला, "हं, हं, मोट्टी हो बाय माझी," म्हणाल्या. तशी ती पोरगी ताडकन उठली, हसली, आणि पाठ वळवून गाठ बांधून घेतली.

मी दोघींना सांगितलं की मी घालून दिलेला नियम हा नियम आहे. मथुराबाई म्हणाल्या, "मी कुटं कायदा मोडला? लेकरू पाया पडलं, मी व्हय म्हनलं." मी त्यांना आमटीत मीठ जास्त पडल्याचं सांगितलं. खरं म्हणजे पडलं नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. श्रीपूर

काल इथे आलो. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या अतिथिगृहात उतरलो आहोत. गाळप जोरात आहे, हवेला गुळमट वास, अंथरुणालाही तोच. रस्त्यात उसाच्या बैलगाड्यांच्या मागे आमची बस अडकली आणि मुलांनी खिडकीतून गायला सुरुवात केली. गाडीवरच्या बाईने चालत्या गाडीवरून उसाची दोन टिपरी खिडकीत टाकली. आमचा ड्रायव्हर शिवू तोंडाने कटकट करत होता, पण गाडी पुढे काढत नव्हता.

आज सकाळी सेमाकुला बाहेर ओट्यावर बसले होते. मी विचारलं, तुमच्या त्या लहान मुलीचं माझ्याशी काय बिनसलं आहे? ते म्हणाले की आमच्याकडे नमस्कार एकट्याचा होत नाही. लहान माणूस गुडघे टेकून विचारतं, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत. मोठ्याने नुसतं हं म्हणायचं. मग लहानाने हं म्हणायचं. पुन्हा मोठ्याने. आवाज हळूहळू खाली येतो आणि मग मूल उठतं. "तुम्ही तिला उठवलंत, पण हं म्हणाला नाहीत. मोठ्या मुली समजून गेल्या. सान्यूच्या हिशेबाने तो नमस्कार अजून पुरा झालेला नाही. ती तुमच्यापुढे अजून बसलेलीच आहे."

मी म्हटलं, म्हणजे मी एवढंच करायचं होतं? हं म्हणायचं?

"एवढंच नाही, मॅडम. आमच्याकडे म्हातारं माणूस कुणावर रागावलं की शिव्या देत नाही. फक्त हं म्हणत नाही. सगळ्या गावाला कळतं."

मला हे जरा अतिच वाटलं. एका माणसाने तोंडातून एक आवाज काढला नाही म्हणून सगळ्या गावाने दखल घ्यायची. मोठं माणूस रागावलं असेल तर त्याला काही कारण असेल की नाही? ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, कारण तर नेहमीच असतं.

लहानपणी गच्चीवर मी इंदूला गोष्टी सांगायची. प्रत्येक वाक्याला तिने हं म्हणायचं असा करार होता. नाही म्हटलं की मी थांबायची. झोपेत बुडाली तरी ती हं म्हणत राहायची, गोष्ट बंद पडू नये म्हणून. हे आता का आठवलं कोण जाणे. उसाच्या वासाने डोकं जड होतं.

दुपारी मी एक उपाय केला. सान्यू आता माझ्यापुढे गुडघे टेकेना, कारण मीच मनाई केलेली, आणि मनाई उठवली असं जाहीर करायला मी काही तयार नव्हते. म्हणून मोज्यांच्या जोड्या लावायच्या निमित्ताने मी खाली जमिनीवर बसले. माझ्या गुडघ्यांना ते मंजूर नव्हतं. थोड्या वेळाने ती एक मोजा घेऊन आली आणि माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली. मोजा दिला. मग अगदी पुटपुटल्यासारखं ते त्यांचं वाक्य.

मी हं म्हटलं.

ती हं म्हणाली. मी पुन्हा हं. मग ती. किती वेळ म्हणायचं ते मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे बराच वेळ चाललं. शेवटी तिने समाधानाने सुस्कारा सोडला, जशी एखादी कामावरून सुटते, आणि मोज्यांच्या ढिगावर आडवी झाली.

मला उठता येईना. आठ जणींनी मिळून ओढलं. खूप हसल्या. मीही थोडी हसले, शिस्तीला बाध येणार नाही इतपत.

८ फेब्रुवारी, शनिवार. बार्शी

होय, बार्शी. कसं घडलं ते नीट लिहिते, कारण उद्या कोणी म्हणेल मी मुद्दाम आले.

टेंभुर्णीला उतरून मी सोलापूरची एसटी धरणार होते. पण शिवूने माझी पिशवी टपावर ढोलांच्या खाली बांधली होती. पिशवी त्याच्या हातात मीच दिली होती, पण ती सवयीने. आता ती काढायची तर सगळे ढोल उतरवावे लागणार, मुलं उन्हात खोळंबणार. शिवू म्हणाला, "काडतो की मॅडम, दहा मिन्टाचं काम हाय." मी म्हटलं, राहू दे, उगाच ढोलांना धक्का लागेल. आणि महेश्वरी मॅडमच्या हाती मुली नीट सोपवणं हे माझं काम होतंच. दारात सोपवायच्या आणि निघायचं, एवढंच.

इंदू दारात उभी होती. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या, मुलींवरून ओवाळून टाकायला. बारीक झाली आहे. केस रंगवणं सोडलेलं दिसतं. मी येणार हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मला बसमधून उतरताना बघितलं आणि तिच्या तांब्यातलं पाणी थोडं सांडलं. मी ढोल मोजायला लागले.

तेवढ्यात मुली तिच्यापुढे ओळीने गुडघ्यांवर बसल्या. अंगणात, फरशीवर. इंदू गडबडली. "अगं बाई, हे काय, उठा गं, उठा," म्हणत वाकली, एकीला हात धरून उठवू लागली, ती उठेना, दुसरीला धरू लागली. सान्यूने माझ्याकडे बघितलं. इंदूनेही माझ्याकडे बघितलं.

आता यात माझा काय इलाज होता? मुली उन्हात बसलेल्या.

"इंदू, हं म्हण," मी म्हटलं. "नाहीतर त्या उठायच्या नाहीत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हं, अक्का."

"मला नाही. त्यांना."

"हं," ती मुलींना म्हणाली. आठही जणींनी उत्तर दिलं. तिने पुन्हा म्हटलं. वेणीमाधव आतून चष्मा पुसत आले आणि काही न विचारता तेही हं म्हणायला लागले. मग सगळ्या उठल्या. इंदूने मुलींवरून तुकडा ओवाळला, आणि मला तो हात चुकवायला वेळ मिळायच्या आत माझ्यावरूनही ओवाळून टाकला.

महेश्वरी मॅडम आधीच आल्या होत्या. तरुण आहेत, चटपटीत. इंग्रजीत एकही चूक सापडली नाही, मी लक्ष देऊन ऐकलं. म्हणजे माझी काहीच गरज नव्हती. पण दुपारच्या एसटीला गर्दी असते.

दुपारी मुली झोपल्या तेव्हा आम्ही दोघी मागच्या पडवीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो. संध्याकाळच्या आमटीला. तिने सांगितलं की सासूबाईंची खोली आता मोकळी आहे, पाव्हण्यांना देते. मी म्हटलं, बरं आहे. मग मला एक गोष्ट माहिती म्हणून विचारायची होती, ती विचारली.

"मामाच्या जागी कोण उभं राहिलं?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. ह्यांचे चुलतभाऊ म्हणाले मी होतो पुढे. मी नको म्हटलं. म्हटलं, येईल ती. सोलापूरची गाडी कधी कधी उशिरा येते." तिने एक घाटा सोलला. "भटजींनी परत पुकारलं. लोक घड्याळं बघायला लागले. मग अंकिताच म्हणाली, आई, मी येते चालत. आली एकटीच. मागची जागा तशीच ठेवली आम्ही."

मी म्हटलं, उशीर कसला, त्या दिवशी गाडी वेळेवर सुटली होती.

इंदूचा हात थांबला. "तुला कसं माहीत?"

हरभरा यंदा किडका आहे. निम्मे घाटे टाकून द्यावे लागले. तसं मी तिला सांगितलं. थोड्या वेळाने तिने सोललेले सगळे दाणे माझ्या ताटलीत ओतले आणि नाक पुसत आत गेली. पडवीत धूळ फार आहे.

कार्यक्रमाला सबंध बार्शी लोटली होती. मी शेवटच्या रांगेत बसले. इंदूने शेजारची खुर्ची धरून ठेवली होती, तिच्यावर रुमाल टाकून, म्हणून तिथे बसावं लागलं.

१० फेब्रुवारी, सोमवार. सोलापूर

काल सकाळी मुलं हैदराबादकडे गेली. निघताना सान्यू अंगणात माझ्यापुढे बसली. आम्ही आमचं रीतसर उरकलं. शिवू हॉर्न वाजवत होता, त्याला म्हटलं थांब, यात मधे बोलता येत नाही. मग ती उठली, माझ्या हातात एक मोजा दिला आणि बसमध्ये चढली. एकच मोजा. हिचा दुसरा पाय हैदराबादला उघडा राहणार, याचा विचार नाही. तिला ओरडून विचारणार तोवर गाडी निघालीसुद्धा. मोजा धुऊन ठेवला आहे.

मी दुपारच्या एसटीने परत आले. वेणीमाधव स्टँडवर सोडायला आले होते. खिडकीतून म्हणाले, अंकिताचं डोहाळजेवण आहे पुढच्या महिन्यात, इंदूने सांगायला सांगितलं होतं, घरात तिला बोलायला धीर झाला नाही. पत्रिका नाही, अक्षता नाही, आमंत्रण काय तर एसटीच्या खिडकीतून. मी म्हटलं, बघते.

आज राजशेखर पेढे घेऊन आले, आभाराचे. म्हणाले, महेश्वरी मॅडम सांगत होत्या की तुम्ही बार्शीपर्यंत गेलात. मी पिशवीचं आणि ढोलांचं कारण सविस्तर सांगितलं. त्यांना पटलं.

सगळी साड्यांची बॅग रिकामी करून पुन्हा लावली. त्या लग्नासाठी काढलेली हिरवी साडी तळाशी होती, एसटीच्या आरक्षणाच्या तिकिटासकट. तिकीट फेकलं. साडी इस्त्रीला दिली, घडीवर विरली असती.

संध्याकाळी फोन वाजला. इंदू. भाऊबीज नाही, काही नाही. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत तो वाजतच होता. पुढे ऐकवत नाही म्हणून उचलला.

"अक्का, पोचलीस?" कालच्या एसटीबद्दल आज विचारते आहे.

"हं."

"जेवलीस?"

"हं."

"हं," ती म्हणाली.

मी पुन्हा हं म्हटलं. मग ती. एवढ्यासाठी फोन. काम नाही, निरोप नाही, बातमी नाही. मी म्हटलं, ठेव आता, उगाच बिल चढतं. हल्ली बिल चढत नाही हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. ती हं म्हणाली.

ठेवला मात्र नाही. मीही दूध उतू जाईपर्यंत नाही.